पुलापलीकडचं फुल तिकीट

आर्वीहून तिवसा म्हणजे काही परदेश नाही. मधे वर्धा नदी, देऊरवाड्याचा पूल, की पलीकडे कौंडण्यपूर. पण नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि 2020 सालच्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, जिल्हा बदलणं म्हणजे देश बदलण्यासारखंच झालं होतं. पलीकडच्या थडीवर दिलेल्या लेकींची माहेरं पाच महिने तुटली होती.

मी एसटीत कंडक्टर. 22 मेपासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू होत्या, पण रिकाम्या डब्यासारख्या खडखडत जायच्या. त्याआधी मजुरांना राज्याच्या सीमेवर सोडायच्या फेऱ्या झाल्या, त्यात तिकीटच नव्हतं. 20 ऑगस्टला, गुरुवारी, पुलावरून जायची परवानगी मिळाली. एसटीला ई-पासही, म्हणजे जिल्हा ओलांडायचा ऑनलाइन परवानाही, नको. तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, आदल्याच दिवशी झाला होता आणि गणपती दोन दिवसांवर होते.

44 सीटची गाडी, 22 प्रवासी. एकाआड एक सीटवर मी चिकटपट्टीची फुली मारली होती. चढणारा प्रत्येकजण आधी फुलीकडे बघे, मग मास्कवरच्या डोळ्यांवरून ओळख पटवे. "कोण होय बे? आवाज तं वळखीचा वाटते!" अशी आरडाओरड. एरवी मी दटावलं असतं, त्या दिवशी ऐकत उभी राहिले.

एक आजी चढल्या. हातात पिशवी, काखेत लाकडी बैल, चाकं लावलेला, शिंगांना बेगड. खिडकीशी बसल्या आणि बैल शेजारच्या फुलीवर ठेवला.

"आजी, हाफ तिकीट ना? आधार कार्ड दाखवा."

"फुल द्या बाई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत हाफ मिळावं म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले. फुल मागणारी म्हातारी पहिल्यांदाच.

"हाफ घेतलं तं पासष्टच्या वर झाली मी. पासष्टच्या वरच्याईले घरी बसाले सांगतलं हाय नं सरकारनं? मंग फुल द्या, म्हणजे मी पासष्टची नाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, बैलाचं हाफ काढा मंग." गाडी हसली. मास्कमधून हसू ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

कायद्यानं त्यांना परत पाठवायला हवं होतं, निदान बजावायला तरी. मी काही बजावलं नाही. विचारलं एवढंच, "वय किती सांगू?"

"मशीन वय इचारते काय?"

नाही विचारत. मी फुल तिकीट काढलं. पैसे त्यांनी रुमालाच्या गाठीतून मोजून दिले, पुरते फुलचे. म्हणजे घरूनच ठरवून निघाल्या होत्या.

पुलावर चालक भाऊंनी गाडी मुद्दाम हळू केली. नदी गढूळ, दोन्ही थड्या भरून वाहत होती. आजींनी हात जोडले, नदीला की कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला, कोण जाणे. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "औंदा रुक्मिणीबाईची पालखी बी बशीनंच गेली पंढरपूरले." आजी चटकन बोलल्या, "मंग मले कोन अडवते?"

तिवशाच्या अलीकडच्या एका फाट्यावर त्या उतरल्या. नातू धावत आला, पण बैलाकडे. "काल पाह्यजे होता नं आजी!" म्हणत दोरी धरून ओढत निघालाही, चिखलातून. लेक मात्र आईपासून दोन हात लांब थबकली, पदर तोंडाशी धरून. कोणी आधी पुढं व्हावं हे दोघींनाही कळेना. मी घंटी वाजवायची थांबले. चालक भाऊंनीही आरशातून बघून गिअर टाकला नाही.

तिवशाच्या स्टँडवर कागदी कपातला चहा आणि आलूबोंडा खाल्ला. चहा अतिगोड होता. तरी दुसरा घेतला.

संध्याकाळी हिशोबाआधी गाडी झाडताना आजींच्या सीटखाली लाकडाचं एक छोटं चाक सापडलं. बैल तीन चाकांवर गेला होता तर! चाक तिकीट मशीनच्या पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरणारं कोणी नव्हतं. तरी भाऊंनी गाडी थांबवली. बैल उचलून धरून पोरगं तिथंच उभं होतं.