पोरगी हॉस्टेलात तुमची, डोंगर आमचा

दिवाळीची सुट्टी संपली की आश्रमशाळेत पालक पोरांना सोडायला येतात. कोणी पिकअपमध्ये उभं राहून, कोणी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पायी. एरवी पाड्यापाड्यांत हिंडूनही जे भेटत नाहीत, ते त्या दिवशी एकाच व्हरांड्यात सापडतात, म्हणून आम्ही तोच दिवस धरला होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याहून चांदसैली घाट चढून मी आणि माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी सकाळीच धडगावच्या पुढे पोहोचलो.

तिचा विषय पर्यावरण शिक्षणाचा. आश्रमशाळेतल्या पावरा-भिल मुलांना घरचं जंगल किती ठाऊक असतं आणि त्यातलं वर्गात किती येतं, असा. पाचवी ते आठवीच्या मुलांना तिने आपापल्या पाड्याचा नकाशा काढायला सांगितला होता. पाणी कुठे, काय कुठे मिळतं, कुठे जायचं नाही. मुलांनी जीव ओतून चित्रं काढली. महू, चारोळी, मधाची पोळी, झरे, वाघदेवाचं ठाणं, सगळं रंगीत खडूने.

कागदोपत्री आमचं सगळं चोख होतं. वसतिगृहातल्या मुलांचे पालक या नात्याने मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या वतीने एकगठ्ठा सही दिली होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांवरच्या मुलाचीही संमती घ्यायला सांगितली आहे, बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. तीही घेतली होती. तरी आईबापांनी बघितल्याशिवाय एकही चित्र प्रबंधात जाणार नाही, असं मी सुरुवातीलाच बजावलं होतं. विभागातले काही जण याला माझं खूळ म्हणतात. म्हणोत.

व्हरांड्यात सतरंजी टाकून चित्रं मांडली. बाया-माणसं हसत होती, आपल्या पोराचं चित्र शोधत होती. पावरी बोलणारा आमचा एक माजी विद्यार्थी समजावून सांगत होता. मग एक बाप पाचवीतल्या आपल्या मुलीच्या चित्रापाशी उकिडवा बसला तो उठेचना. चित्रात नाला, नाल्यापलीकडे तीन मोठे दगड, त्यांच्यामागे डोंगराचा उतार, आणि उतारावर खडूने काढलेले पांढरे कंद. सफेद मुसळी, औषधासाठी विकली जाणारी.

‘‘मास्तर, हे तू कोणाला दाखवणार?’’

मुसळीची पानं पावसाळ्यात वर असतात तोवर कोणालाही ओळखता येते. दिवाळीच्या सुमारास पानं वाळून झडतात आणि जमिनीवर खूणच उरत नाही. खाली मात्र बोटांच्या जुडग्यासारखे कंद तेव्हाच भरलेले असतात. म्हणजे काढायची वेळ येते तेव्हा जागा फक्त माहितगाराला सापडते. घरची माणसं काढतात तेव्हा एकदोन कंदांसकट वरचा डोळा परत मातीत दाबतात, पुढच्या पावसात तो फुटतो. बाहेरचा माणूस कुदळ घेऊन येतो तेव्हा डोळाही पोत्यात जातो. शेजारच्या एका डोंगरावर असंच झालं, तिथे आता काही उगवत नाही, असं तो बाप शांतपणे सांगत होता. आणि इथे त्याच्या मुलीने तीन दगडांच्या खुणेसकट जागा काढून दिली होती.

विद्यार्थिनीने खरं ते सांगितलं. प्रबंध विद्यापीठात जमा झाला की शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, चढतो. मग दिल्लीतला असो की अमेरिकेतला, कोणीही तो फुकट वाचू शकतो. बापाने मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद मागून घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, ‘‘पोरगी हॉस्टेलात यांची. डोंगर तर आमचा ना?’’

कायदाही त्याच्याच बाजूने बोलतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ट) आहे, इंग्रजी प्रतीत तेच ‘के’: जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क. समाजाचा, म्हणजे त्या बापाच्या एकट्याचाही नव्हे, मग मुख्याध्यापकांचा कुठून असणार? माझ्या फोनमध्ये कायद्याची प्रत होती, ती वाचून दाखवली. दोघातिघांना कलम आधीच माहीत होतं. या भागातल्या लोकांनी वनहक्काचे दावे स्वतः लढवलेत, त्यांना कलमं शिकवायला जाऊ नये.

आपल्या पर्यावरणाच्या वर्गात हळदीचं पेटंट हमखास शिकवतात. १९९५ ला अमेरिकेत मिळालं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ ला रद्द करवलं. पोरं टाळ्या वाजवतात. त्याच वर्गातली पोरं मग प्रकल्पासाठी पाड्यावर जातात, तासाभरात चाळीस वनस्पतींची नावं-उपयोग टिपून आणतात, आणि ती वही कोणाची हे कोणी विचारत नाही.

तेवढ्यात भलतंच निघालं. शाळेतल्या एका शिक्षकाने कौतुकाने सगळ्या चित्रांचे फोटो आधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. त्याने ते तिथल्या तिथे डिलीट केले, पण कोणाकोणाच्या गॅलरीत उतरले ते कोण सांगणार? बाप काही बोलला नाही. मला त्या शिक्षकावर चिडताही येईना, त्याला खरोखर पोरांचं कौतुक होतं.

मुलीला मात्र चित्र भिंतीवर लावायचं होतं. रडवेली झाली. तिच्या आईने सुचवलं, दुसरं काढ, पलीकडच्या वाटेचं. ती खडू घेऊन बसली, आणि पहिलं चित्र बापाने घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. दुपारपर्यंत बाकीचे पालकही बसले आणि एकेक चित्र निवडलं गेलं. मुसळी, मध आणि देवाच्या जागा दाखवणारी घरी परत. प्रबंधात फक्त कोणत्या इयत्तेतल्या मुलाला कोणत्या प्रकारचं काय माहीत, एवढा तक्ता.

पुढे प्रगती अहवालाच्या वेळी एका तज्ज्ञाने विचारलंच, जागा गाळल्या तर हा डेटा पडताळायचा कसा? मी म्हटलं, प्रश्न मुलांना काय माहीत हा आहे, मुसळी कुठे हा नाही. आणि नाजूक प्रजातींचे अक्षांश-रेखांश जगभरच्या नोंदसंग्रहांतही मुद्दाम ढोबळ करून देतात. ०.१ अंशापर्यंत आणले की जागा साधारण अकरा किलोमीटरच्या चौकटीत विरते. रिकाम्या रकान्यांत आम्ही ‘पालकांनी प्रसिद्धीस नकार दिला’ असं लिहिलंय. मला तो त्या प्रबंधातला सगळ्यात भक्कम निष्कर्ष वाटतो.

झऱ्यांचं मात्र उलटं झालं. झरे दाखवणारी चित्रं जोडून एक मोठा नकाशा करून द्या, ग्रामसभेला पाण्याच्या कामासाठी लागेल, असं लोकच म्हणाले. त्यावर नावं टाकणार नाही, असं विद्यार्थिनीने नियमाप्रमाणे सांगितलं तर एक म्हातारा उसळला, ‘‘नाव का नाही? झरा आम्ही राखला. चोरी केली का?’’ ग्रामसभेने ठराव केला, नावांसकट. आम्ही तो जोडून विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीकडे अर्ज टाकलाय. ‘सहभागींची ओळख गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य फॉर्ममध्ये छापूनच येतं. ते खोडायला कोणाची सही लागते, हे कार्यालयात अजून कोणी सांगू शकलेलं नाही.