हर्र बोला हर्र : सोलापुरात तीन दिवस

संक्रांतीला मामांकडे सोलापूरला जाऊन येतो, असं घरी सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. चाकणजवळच्या ज्या कारखान्यात मी १९ वर्षं काढली, तो ३१ जानेवारीला बंद होणार होता. तमिळनाडूतल्या प्लांटला जायचं की हिशेब घेऊन मोकळं व्हायचं, याचं उत्तर २० तारखेपर्यंत द्यायचं होतं. मुलगी दहावीला, घराचे हप्ते अजून ६ वर्षांचे. रात्री तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत डोक्यात तीच बेरीज-वजाबाकी. बायको काही बोलायची नाही, पण तीही जागीच असायची.

१३ तारखेला सकाळची इंद्रायणी पकडली. दौंड गेलं, भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं, कुर्डूवाडीला चहा घेतला. दुपारी सोलापूर. मामी दारातच उभी होती. कडक भाकरी, शेंगाभाजी आणि तिनं स्वतः उखळात कुटलेली शेंगाचटणी. "आधी जेव, मग बोल," म्हणाली. मी जेवलो, पण बोललो नाही.

संध्याकाळी मामा मला यात्रेत घेऊन गेले. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, ही गड्डा यात्रा. पहिला दिवस यण्णीमज्जनाचा, म्हणजे तेल लावून स्नान घालण्याचा. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आहेत. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सकाळी मानाच्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वज, निघतात, त्या सगळ्या लिंगांना तेल घालत फिरतात आणि रात्री परत येतात. आम्ही गर्दीत वाट बघत होतो. लांबून आरोळी आली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि शेजारचा सगळा रस्ता एका आवाजात ओरडला. कोणी कानडी, कोणी तेलुगू, कोणी मराठी, पण ती आरोळी सगळ्यांची एकच.

नंदीध्वज मी लहानपणी पाहिला होता, तेव्हा त्याच्या टोकाकडेच बघितलं असणार. तीस फुटांच्या आसपास उंच काठी. या वेळी मी पेलणाऱ्या माणसाकडे बघितलं. पांढरी बाराबंदी घामानं पाठीला चिकटलेली, पाय अनवाणी, मनगटाच्या शिरा दोरीसारख्या ताठ. मान मागे टाकून तो सारखा वर बघत होता. खाली एकदाही नाही. रस्त्यात उंचवटा आला की बाजूचा साथीदार त्याच्या कानाशी काहीतरी बोलायचा, दुसरा पाठीला तळहात लावायचा, आणि तो अंदाजानं पाऊल टाकायचा. आमच्यासमोर काठी एकदा झुकली. गर्दीनं श्वास रोखला. पाच-सहा हात पुढे झाले, पण कोणीही काठी त्याच्याकडून काढून घेतली नाही. त्यानं गुडघे किंचित वाकवले, काठी सरळ केली आणि पुढे निघाला. मला तिथंच रडू आलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांबरोबर तलावावर गेलो. मंदिर पाण्यात बेटासारखं, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि पाण्यावर धुकं. सिद्धरामेश्वरांच्या समाधीचं दर्शन घेऊन पायरीवर बसलो तेव्हा मामांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. लहानपणी आजीकडून ऐकलेली होती, पण गरज नसताना ऐकलेली गोष्ट वेगळी असते.

बाराव्या शतकातली गोष्ट. लहान सिद्धराम रानात गुरं राखत असताना एक जंगम आला. नाव सांगितलं मल्लय्या. त्यानं दहीभात मागितला. पोरगं धावत घरी गेलं, भात घेऊन आलं, तर जंगम नाही. "मल्लय्या, मल्लय्या" करत ते यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलाला पोचलं. देवळातलं लिंग दाखवून लोक म्हणाले, हाच मल्लय्या. त्याला ते पटेना. त्याला भेटलेला, बोललेला मल्लय्या हवा होता. सापडेना तेव्हा ते कड्याच्या टोकावर गेलं आणि उडी घेणार तोच मल्लिकार्जुनानं हात धरला.

"आणि मग काय सांगितलं देवानं?" मामांनी विचारलं.

"परत जा म्हणाला."

"हां. इथंच राहा माझ्यापाशी, असं नाही म्हणाला. गावाकडं परत जा, तिथं काम कर म्हणाला. अन् ह्यांनी येऊन काय केलं? तळं खणलं. समोर दिसतंय की."

आपले मामा गिरणी कामगार. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा दोन्ही पोरं शाळेत होती. मग टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलण्यापासून सुरुवात केली. हे मला माहीत होतं. पण त्या दिवसांत ते रोज पहाटे याच पायरीवर येऊन बसायचे, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. "मी गिरणी मागायचो. सहा महिने तेच मागितलं. गिरणी काही चालू झाली नाही. पण उठून जायला पाय लागतात ते रोज मिळाले, बघ." एवढं बोलून त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं.

मी माझं सगळं तिथं सांगून टाकलं. मामा गप्प ऐकत होते. सल्ला म्हणून एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्याची ही आठवण. मुठीत तांदूळ घेऊन हजारो माणसं उभी. कानडी संमती, म्हणजे लग्नातल्या मंगलाष्टकांसारखी वचनं, वाचली गेली, "दिड्डम, दिड्डम, सत्यम, सत्यम" झालं आणि सगळीकडून अक्षता उडाल्या. माझ्या मुठीतले तांदूळ घामानं ओले होऊन तळहाताला चिकटले होते. ते सुटेपर्यंत मी हात झटकत राहिलो आणि मनात एवढंच म्हणालो, देवा, मला कड्यावरून मागे घे आणि काय खणायचं ते दाखव.

त्या रात्री मी सलग झोपलो. कित्येक आठवड्यांनी. माझ्यासाठी हा प्रसादच होता, आणि तो देवानं दिला असंच मी मानतो.

१५ तारखेला परत निघालो. मामीनं चटणीची पुडी आणि तिळगूळ दिला. तमिळनाडूच्या पगाराचा आकडा अजूनही मोठाच होता, पण मुलीला दहावीत सोडून जायचं नाही, हे मोहोळ यायच्या आत ठरलं होतं. भोसरीत एक छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या मालकांनी दिवाळीत विचारलं होतं, येता का म्हणून. पगार कमी, म्हणून मी परत फोनच केला नव्हता. कुर्डूवाडीला गाडी थांबली तेव्हा नंबर काढला, "हर्र" म्हटलं आणि लावला.

चार-पाच रिंग गेल्या. मग मागे मशीनचा आवाज आणि ते ओरडून बोलत होते, "अहो, कुठं होतात एवढे दिवस? सोमवारी या. बसून बोलू."

गाडी हलली. मी बायकोला फोन लावला.