तुम्ही विचारलंत म्हणून: खेळात मेल्यावर सामान परत का देत नाही?

गेल्या शुक्रवारी क्लास सुटताना तुम्ही दारात थांबून विचारलंत, "ताई, सर्व्हर तुमचाच ना? मग पोराचं गेलेलं सामान एका बटणावर परत येईल की. दोन दिवस नीट जेवला नाही तो." मी घाईत "नियम आहे" एवढंच म्हणाले आणि तुमचा चेहरा उतरला. हाच प्रश्न मला खानापुरातून येतो, निपाणीतून येतो, चंदगडकडूनही येतो. कधी पोरं विचारतात, कधी त्यांच्या आया. "नियम आहे" हे उत्तर नव्हे, म्हणून नीट लिहिते.

तुम्ही हा खेळ कधी बसून पाहिला नसेल. माईनक्राफ्ट २०११ साली पूर्ण स्वरूपात आलं. त्यातल्या सर्व्हायव्हल प्रकारात रिकाम्या हातानं सुरुवात होते. झाड तोडायचं, कुदळ करायची, अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर घालायचं. खेळातला दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांची. रात्री झोंबी, म्हणजे चालती प्रेतं, येतात. मेलात की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं तिथंच जमिनीवर पडतं, आणि ५ मिनिटांत कुणी उचललं नाही तर नाहीसं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन भाच्यांसाठी मी हे जग घरच्या जुन्या डेस्कटॉपवर सुरू केलं होतं. आता ते मुंबईतल्या भाड्याच्या मशीनवर चालतं, तोच सर्व्हर, आणि रविवारी रात्री तीस-पस्तीस पोरं एका वेळी असतात.

तर, बटण आहे. मेल्या क्षणी कुणाकडे काय होतं याची नोंद राहते, आणि मनात आणलं तर मी ते सगळं जसंच्या तसं परत देऊ शकते. न देण्याचं कारण माझ्या आजोबांपाशी आहे.

आजोबा यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच होते. आपल्या भागात यात्रा म्हटलं की मैदान आलंच. जोड ठरवताना ते दोन्ही पैलवानांना शेजारी शेजारी उभं करायचे, मनगट धरून बघायचे, मान बघायची, मग कुस्ती पुकारायची. हलक्याला भारी जोड दिली तर बघणारे उठून जातात, आणि दोघंही ठरवून ढिले लढले तरी उठून जातात. म्हणायचे, "पाठ मातीला लागल्याचं दुःख पोरगा पचवतो. पण बाहेरून कुणी पाय घातला आणि त्यामुळं पाठ लागली, तर ते त्याला जन्मभर पचत नाही." सर्व्हर चालवताना मी रोज एवढंच बघत असते: पोराची पाठ लागली ती खेळामुळं, की बाहेरून कुणाचा पाय आला?

आपल्याकडे बाहेरचा पाय बहुतेक वेळा विजेचा असतो. घरची लाईट गेली, राऊटर बंद पडला, तरी पोराचं पात्र खेळातून लगेच जात नाही. सर्व्हरला वाटतं गडी अजून आहे. समोरून उत्तर येत नाही हे त्याच्या ध्यानात यायला अर्धा मिनिट जातो. तेवढा वेळ ते पात्र जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं असतं आणि झोंबी त्याला मारत राहतात. नंतर नोंदीत ओळ उमटते: 'टाइम्ड आउट'. स्वतः खेळ बंद करून गेलेल्याची ओळ वेगळी असते. शहरात एखाद्या गल्लीची लाईट गेली तर मला घरबसल्या कळतं, कारण पाच-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन-चार पोरांच्या नावापुढं तीच ओळ येते. तशा वेळी सामान परत देते, कुणी मागायचीही वाट बघत नाही.

अडचण एकट्या पोराची. दोन पावसाळ्यांपूर्वी, जुलैत, जांबोटीकडच्या एका खेड्यातला नववीतला मुलगा नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या दुनियेत, किल्ल्याच्या पुलावर मेला. चार महिन्यांची कमाई होती अंगावर. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "ताई, लाईट गेली होती." मी नोंद काढली. मेला ९:४२:१७ ला, 'टाइम्ड आउट' ९:४२:४१ ला. त्या वेळी दुसरं कुणीही तुटलेलं नव्हतं. त्याच्या दोनच आठवडे आधी शहरातल्या एका पोरानं लाव्हात पडल्या पडल्या राऊटरची वायर उपटली होती आणि असंच सांगितलं होतं. ते त्याच्या थोरल्या भावानं मला येऊन सांगितलं. ते डोक्यात ताजं होतं. मी नाही म्हणाले. तो भांडला नाही. "बरं ताई," एवढंच लिहिलं.

महिन्याभरानं त्याची बहीण क्लासला फॉर्म द्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, त्या दिवशी तारेवर फांदी पडली, गाव दोन दिवस अंधारात होतं. मी घरी जाऊन नोंद परत उघडली. पुरावा समोरच होता. वायर उपटणारा पोरगा दोन मिनिटांत परत आत आला होता, सामान उचलायला. हा पोरगा दोन दिवस आलाच नव्हता. मी मेल्याची वेळ पाहिली, आधीची पाहिली. पुढं बघायचं मला सुचलं नाही. त्याच्या घरापाशी पेटी ठेवून सगळं सामान आत घातलं आणि बहिणीकडून निरोप पाठवला. तो एकदाच आला. पेटी उघडल्याची नोंद आहे. त्यातलं काही घेतल्याची नाही.

तेव्हापासून असला निवाडा मी एकटी करत नाही. तीन पंच आहेत, दर महिन्याला बदलतात, खेळणाऱ्यांतलेच. त्यांना फक्त वेळा दिसतात, पोराचं नाव दिसत नाही. आणि परतीची वेळ आधी बघतात.

आता तुम्ही म्हणाल, इतकं करण्यापेक्षा मेल्यावर सामान जाणारच नाही असं करून टाका. तशी सोय आहे, एका आज्ञेचं काम. २०२१ च्या दिवाळीत आठ दिवस मी करून पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत पोरं खूश होती. तिसऱ्या दिवसापासून लांब खाणीत गेलेली पोरं घरी चालत यायची बंद झाली. कड्यावरून उडी मारायची, मरायचं, थेट घरच्या पलंगावर जागं व्हायचं. भिंती बांधणं थांबलं, कारण भिंतीचं कामच उरलं नाही. निपाणीचा एक मुलगा पाव भाजून विकायचा, त्याचं दुकान बसलं. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की "थांब, मी येतो, तुझं सामान उचलून ठेवतो" ही हाक बंद पडली. एरवी पाच मिनिटांच्या आत कुणाच्या तरी सामानासाठी रानातून धावत जाणारी ही पोरं. गमावण्यासारखं काही नसेल तर कुणी कुणासाठी धावायचं कशाला? नवव्या दिवशी जुना नियम परत आणला.

अवघडपणाची पातळीही मी 'हार्ड'च ठेवते. मधल्या पातळीवर उपाशी राहिलेला माणूस अर्ध्या हृदयावर तगतो (खेळात जीव हृदयांत मोजतात), 'हार्ड'वर खरंच मरतो. झोंबी लाकडी दार फोडून आत येतात. गावकऱ्याला, म्हणजे खेळानंच चालवलेल्या माणसाला, झोंबीनं मारलं तर तो हमखास झोंबी होतो. म्हणून शेती करावी लागते, गावाला कुंपण घालावं लागतं, रात्री दिवे लावून ठेवावे लागतात. हे सगळं पोराच्या हातात आहे. म्हणून मला ते मंजूर.

पण अवघडपणातही अन्याय लपून बसतो, हे मला उशिरा कळलं. नवी पोरं तक्रार करायची की पहिल्याच रात्री चिलखत घातलेला झोंबी आला. मला वाटायचं, घाबरतात. मग वाचून समजलं: या खेळात जिथं माणसं जास्त वावरतात तिथं राक्षस हळूहळू जास्त बळकट होतात. जगाच्या एखाद्या तुकड्यात एकूण ५० तासांचा वावर झाला की ती वाढ कमाल मर्यादेला पोचते. सगळ्यांची येण्याची जागा एकच, जुन्या पोरांची घरंही भोवतीच. म्हणजे सगळ्यात कच्चा गडी सगळ्यात भारी जोडीसमोर उभा करत होते मी! आता दर तीन-चार महिन्यांनी नव्यांच्या येण्याची जागा कोऱ्या रानात हलवते. झाडंही उभी मिळतात त्यांना.

लॅगचं, म्हणजे सर्व्हर मंद पडण्याचं, सांगायचं तर कालव्याचं उदाहरण द्यावं लागेल. माझ्या मामाची जमीन कालव्याच्या टेलला, अगदी शेवटाला, आहे. वरच्यांनी रात्री मोटारी लावल्या की मामाच्या पाळीला ओलं सुद्धा होत नाही. सर्व्हरचंही तसंच आहे. तो एका सेकंदात २० वेळा सगळ्या जगाचा हिशोब करतो, प्रत्येक हिशोबाला ५० मिलिसेकंद. एका हुशार पोरानं एका इमारतीत १४० गावकरी कोंडून व्यापाराचा बाजार मांडला, आणि वेग २० वरून १३ वर आला. खेळातला २० मिनिटांचा दिवस अर्ध्या तासाच्या वर गेला. तलवारीचा वार आत्ता केला तर लागायचा नंतर. पोरं मरत होती आणि चूक त्यांची नव्हती. त्या पोरानं कुठलाच नियम मोडला नव्हता, कारण मी केलाच नव्हता. त्याला बोलावून आकडे दाखवले. "अक्का, हे मला दिसतच नव्हतं," म्हणाला. गोकाकचा आहे तो, मला अक्का म्हणतो. आता प्रत्येकाला गावकऱ्यांची, जनावरांची, यंत्रांची पाळी ठरवून दिली आहे, आणि वेग सगळ्यांना पडद्यावर सतत दिसतो.

लबाडीबद्दल थोडक्यात. दगडाआडचे हिरे दाखवणारी 'एक्स-रे' नावाची चोरी असते. सर्व्हर आता झाकलेल्या हिऱ्याच्या जागी दगडच पाठवतो, त्यामुळं बघायला काही उरत नाही. तरी कुणाचा संशय आलाच तर त्याचं भुयार बघते. प्रामाणिक पोराचं भुयार सरळ जातं आणि बऱ्याचदा हिऱ्याच्या शेजारून, दोन हात अंतरावरून, न कळता पुढं निघून जातं. चोराचं भुयार मध्येच वळतं आणि हिऱ्यावर जाऊन थांबतं.

मोबाईलवर खेळणारी आणि माऊसवर खेळणारी पोरं एकाच जगात आहेत, म्हणून एकमेकांशी लढाई फक्त आखाड्यात, दोघांच्या संमतीनं, सारख्या चिलखतात. तिथं अक्षरशः जोड लावतो आम्ही.

नियमांची पाटी मराठीत होती, माझ्या भाषेत. मग लक्षात आलं की ज्याला पाटी वाचता येत नाही त्याला ती मोडल्याबद्दल शिक्षा करणं बरोबर नाही. क्लासमधल्या एका कन्नड शिक्षिकेकडून सगळे नियम लिहून घेतले आणि दोन्ही पाट्या दारातच शेजारी शेजारी लावल्या. तेव्हापासून "मोस, मोस" अशी ओरड आली तर मराठी पोरांनाही कळतं की कुणीतरी फसवलंय.

आणि पैसे. एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलासाठी तयार हिऱ्याच्या चिलखताचे पाचशे रुपये देऊ केले होते. पैसे घेऊन खेळात वरचढ करणारं काही विकायचं नाही, असं हा खेळ बनवणाऱ्या मोजांगनंच २०१४ साली सर्व्हरवाल्यांना बजावलं होतं. पण त्यांनी ते बजावलं नसतं तरी मी घेतले नसते. उरलेल्या पोरांच्या चार महिन्यांची किंमत पाचशे रुपये ठरली असती. मशीनचं भाडं बारा घरं मिळून भरतात आणि त्या बारा घरांतल्या पोरांना एक जादा पाव सुद्धा मिळत नाही. मीही साध्या खात्यानं खेळते. अधिकाराचं खातं वेगळं आहे, ते कधी आणि कशासाठी उघडलं हे सगळ्यांना वाचता येतं.

आता तुमच्या मुलाचं. वहिनी, पंचांनी बुधवारचीच नोंद पाहिली. तो तुटला नव्हता, लाईट गेली नव्हती, वेग पूर्ण २० होता. लाव्हाच्या काठावर थेट पायाखालचा ठोकळा खोदला त्यानं. हिऱ्याची हत्यारं लाव्हात जळतात, त्यामुळं उचलायलाही काही राहिलं नव्हतं. म्हणून परत दिलं नाही, आणि त्याच्या जागी माझा भाचा असता तरी दिलं नसतं.

पण एक गोष्ट तुम्हाला कदाचित त्यानं सांगितली नसेल. शनिवारी रात्री तो परत आला होता. पाववाल्या पोरानं त्याला सोळा पाव दिले, गोकाकच्यानं लोखंडी कुदळ. साडेनऊला तो पुन्हा त्याच खाणीत उतरला. या वेळी आधी काठाला दगडाचा कठडा घातला, मग पायाखालचं सोडून बाजूचं खोदायला लागला. दहाला बाहेर पडला. आईनं जेवायला हाक मारली, असं लिहून गेला.