पांझरेचा पाट आणि आजोळचे फड

साक्री तालुक्यात पिंपळनेर आणि साक्री यांच्या दरम्यान पांझरेच्या काठी माझे आजोळ आहे. खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला केळीच्या बागा आणि कापूस आठवतो, पण ते तापीकाठचे चित्र झाले. आमच्या बाजूचा खानदेश डोंगराच्या पायथ्याचा आहे, आणि त्याची ओळख व्हायची असेल तर गावात शिरण्याआधी नदीवरचा बंधारा आणि त्यातून निघालेला पाट पाहावा. गावाची जमीन, पिके, माणसांचे परस्परांशी असलेले व्यवहार आणि जुनी भांडणेसुद्धा त्या पाटाच्या आधाराने मांडली गेली आहेत, असे माझे मत दर खेपेला अधिक पक्के होते.

पांझरा पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेकडे वाहत धुळ्याला येते आणि तिथून पुढे उत्तरेला वळून मुडावद येथे तापीला मिळते. दक्षिणेला सेलबारीची डोंगररांग आहे. तिच्यापलीकडे बागलाण आणि मोसमचे खोरे. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात कोकणा आदिवासींची गावे आहेत, तिथे पाऊस चांगला होतो आणि भात, नागली पिकते. तिथून थोडे पूर्वेला सरकले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि शेते बाजरीची होतात. माझे आजोळ या दोन्हींच्या मधोमध आहे. गावावर पडणारा पाऊस रब्बीला पुरत नाही, पण डोंगरावर पडलेला पाऊस नदीवाटे हिवाळ्यापर्यंत गावाजवळून वाहत राहतो. दुसरीकडे पडलेले पाणी आपल्या शेतात कसे आणायचे, या एकाच प्रश्नातून आमच्याकडचे बंधारे उभे राहिले.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काळ्या पाषाणाच्या, एखाद्या पडक्या तटासारख्या दिसणाऱ्या लांबच लांब रांगा जमिनीतून वर आलेल्या दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. लाव्हाच्या थरांना पडलेल्या भेगांत खालून आलेला रस थिजून त्या तयार झाल्या, आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. लहानपणी आम्हाला त्या कुणीतरी बांधलेल्या भिंतीच वाटत असत. बंधाऱ्याला मात्र पायाखाली पक्का खडक लागतो आणि वरच्या अंगाला पाट काढण्याइतकी उंची लागते. या दोन्ही गोष्टी पात्रात कुठे एकत्र सापडतात, हे जुन्या लोकांनी नुसत्या नजरेने ओळखले होते. ते बंधारे पाणी साठवण्यासाठी नव्हतेच. वाहत्या पाण्याची पातळी थोडी वर उचलायची आणि ते कडेच्या पाटात वळवायचे, एवढेच त्यांचे काम.

या पाटाखालच्या शेतीच्या रचनेला फड म्हणतात. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत ही पद्धत तीनचारशे वर्षांपासून असावी, असे मानले जाते. पाटाखालचे सारे कायम बागायत साधारणपणे चार फडांत विभागलेले असते. फड दहा हेक्टरचाही असतो आणि दोनशे हेक्टरचाही. कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचे आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवते, आणि एका फडात एकच पीक घेतले जाते. एखाद्या फडात ऊस ठरला की त्यातल्या प्रत्येकाने ऊसच लावायचा. शेजारच्यात गहू ठरला तर सगळ्यांचा गहू. पीक एक असले की पाण्याची गरजही एकाच वेळी येते, पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग फिरवता येते आणि वाटेत कमी मुरते. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलते, त्यामुळे जमीन पाणी साचून चिबड होत नाही आणि तिचा कसही टिकतो.

पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग निघतात आणि सारंगातून पाणी शेतात शिरते. उरलेले पाणी सांडमावाटे बाहेर काढून दिले जाते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, पाणी देण्याचे काम शेताच्या मालकाचे नव्हते. ते पाणी वाटण्यासाठी नेमलेल्या पाटकऱ्याचे होते. एका हिवाळ्यात भल्या सकाळी मी मामांच्या मागे मागे फडात गेलो होतो. गहू वीतभर उंचीचा होता आणि बांधावरचे गवत दवाने ओले होते. पाटकऱ्याने चारीच्या तोंडाशी बसवलेला गवत-मातीचा बोळा फावड्याच्या एका घावात मोकळा केला, पाणी आत वळले, आणि तो अनवाणी पायाने वाफ्याच्या कडेकडेने चालत राहिला. ओल कुठवर पोचली हे तो तळपायानेच पाहत होता. मामा बांधावर उभे होते. शेत त्यांचे होते, पण त्यांनी ना फावड्याला हात लावला ना पाटकऱ्याला काही सांगितले. "पाण्याच्या वेळी आपण बोलायचं नसतं," असे त्यांनी मला परत येताना सांगितले. ज्याच्या हाती पाणी, त्याचे स्वतःचे शेत त्या पाण्यावर भिजत नाही आणि ज्याचे शेत भिजते त्याच्या हाती पाणी नाही, ही व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांना माणसाचा स्वभाव नीट कळला होता, असे मला मनापासून वाटते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आमचा भाग पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात आला. या प्रशासकीय बदलांचा गावाच्या रोजच्या जगण्यावर फारसा ठसा दिसत नाही. पण एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक आमच्याच तालुक्यात, दातर्तीला होते. पांझरेच्या खोऱ्यातल्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे ते काम होते. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावाच्या ओलिताचे ठरावीक तुकडे पाडायचे आणि त्यांत पिके आलटून पालटून घ्यायची, ही तिची मूळ कल्पना. फडात वाढलेल्या माणसाला ती वाचताना घरचेच काही वाचत असल्यासारखे वाटते.

फड मोडत गेला तो कुणा एकामुळे नाही. वरच्या अंगाला लाटीपाड्याचे धरण झाले आणि नदीचे पाणी आवर्तनांच्या हिशेबाने येऊ लागले. विहिरींवर मोटारी बसल्या, तेव्हा ज्याची विहीर त्याला पाटाची आणि शेजाऱ्याच्या पिकाची गरज उरली नाही. मग कांदा आला, डाळिंब आले. मी याला लोभ म्हणणार नाही. कांद्याच्या एका चांगल्या हंगामात मामांच्या मुलांची शिक्षणे झाली आहेत, आणि गहू ठरलेल्या फडात त्यांनी कांदा लावला तेव्हा त्यांना झोप लागली नव्हती, हेही मला माहीत आहे. पूर्वी घरटी एक माणूस फावडे घेऊन पाटातला गाळ काढायला जात असे. आता गाळ काढायचा तर वर्गणी काढून यंत्र बोलवावे लागते, आणि वर्गणी मागायला गेले की विहीरवाले विचारतात, आम्ही कशाला?

मागच्या मार्गशीर्षात गेलो होतो. बंधारा जागेवर आहे, सांडव्यावरून पाण्याचा पातळ पदर वाहत होता. पाट शिवमंदिरापर्यंत साफ केलेला दिसला. त्याच्या पुढे बेशरमाची झुडपे वाढली आहेत. मामांच्या दुसऱ्या फडातल्या पट्टीत कांद्याची लागण चालू होती, उजवीकडे मका होता, डावीकडे डाळिंब. जुनी चारी नांगरटीत बुजून गेली आहे. तिच्या तोंडाशी बोळा टेकवायला ठेवलेला काळा दगड मात्र मामांनी कुणाला हलवू दिलेला नाही. बायका त्याच्यावर विळा घासून धार लावत होत्या.