पाण्याच्या दिवशी बायोस
रविवार, रात्री सव्वाअकरा

आज अखेर कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलला. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, तोच ठेवला. दिवाळीपासून मी अगदी उलटं ठरवून बसलो होतो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

कॉम्प्युटर २०१९ मध्ये जोडलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम. आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड नंतर आलं. कारखान्यातले हिशोब आटोपून घरी आलो की नऊनंतर आमची चौघांची टोळी काउंटर स्ट्राइक २ या गोळीबाराच्या गेमवर जमते. गेल्या वर्षभरात एकच गोष्ट सारखी व्हायची. धूर फुटला, समोरून दोघं-तिघं आले की चित्र अडखळायचं. नेमकं त्याच क्षणाला. एरवी एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा चांगला दिसायचा, पण सरासरी चांगली असून काय उपयोग, ऐन वेळी अर्धा सेकंद गेला की माणूस मेलेलाच असतो.

माझी समजूत होती की कार्ड कमी पडतंय, कारण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर कधी ५० टक्क्यांच्या वर गेलेला दिसायचा नाही. हा आकडा मला फार दिवस फसवत होता. ती बारा थ्रेडची, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या बारा रांगांची, सरासरी असते. गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालतं, बाकीचे बसून असले की सरासरी निम्म्यावर येते. आफ्टरबर्नर या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकेक थ्रेड वेगळा लावून बघितला तेव्हा कळलं : एक थ्रेड ९५ च्या पुढे, कार्ड मात्र साठीच्या आसपास. तरी खात्री करायची म्हणून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. एफपीएस जागचा हलला नाही. कार्डाला काम वेळेवर मिळतच नव्हतं.

२६०० वाईट नव्हता, सात वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. पण त्याचे सहा कोअर, म्हणजे काम करणारे भाग, तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाचा ८ एमबी कॅश, म्हणजे हाताशी असलेली झटपट मेमरी, वेगळा. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती लागली की लांबून आणावी लागते, आणि गेममध्ये तेवढा वेळ नसतो. २०२२ मध्ये आलेल्या ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात, आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांचा मिळून. आकडे पुस्तकी वाटतात, पण अडखळणं तिथूनच येत होतं.

माझ्या डोक्यात मात्र एएम५, म्हणजे नव्या प्रोसेसरांचं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), होतं. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, पुढची काही वर्षं बघायला नको. आमच्या शहरातल्या नवी पेठेत दोन दुकानं फिरलो, पुण्याच्या मित्राकडून भाव मागवले. बोर्ड आणि प्रोसेसर कसाबसा बजेटमध्ये बसत होता. अडलं रॅमवर. एएम५ ला डीडीआर४ चालतच नाही, डीडीआर५ घ्यावीच लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवलीय की दिवाळीपासून भाव चढतच गेलेत. ३२ जीबीचा आकडा प्रोसेसरच्या आकड्याच्या पुढे निघाला. मला ज्याची गरजच नव्हती त्या वस्तूवर सगळ्यात जास्त पैसे जाणार होते. माझी जुनी रॅम उत्तम चालते. हे पटायला मला तीन आठवडे लागले, कारण नवा बोर्ड घ्यायची हौस फार होती.

जुन्या बोर्डावरच ५६०० बसवायचं ठरलं तरी, आठ कोअरचा ५७०० एक्स घ्यावा असंही एकदा वाटलं. दोन्हींची कागदावरची वीज ६५ वॅटच. पण त्याच्या डब्यात कूलर येत नाही, शिवाय माझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता खेचणारा हीटसिंकसुद्धा नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत दुपारी पंख्याखालीही हात भाजतो. त्या बोर्डावर आठ कोअर लादणं मला बरं वाटलं नाही. सहा पुरे.

अप्पांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवले. सकाळी नव्या प्रोसेसरचा डबा बघून म्हणाले, “माग बदलणार का नुसती मोटर?”

“नुसती मोटर, अप्पा.”

“मग बरंय.”

खरी धाकधूक बायोसची, म्हणजे बोर्डावरच्या कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची होती. जुन्या बायोसला ५६०० ओळखता येत नाही, म्हणून जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस नवा करावा लागतो, आणि ते चालू असताना वीज गेली की बोर्ड कायमचा जाऊ शकतो. आज नेमका आमच्याकडे पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ येतो, मग गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि दिवे पिवळे पडतात. संध्याकाळभर पेन ड्राइव्ह हातात धरून बसलो. आईने शेवटची टाकी भरली, शेजारची मोटर थांबली, तेव्हा यूपीएसचा दिवा बघून बटण दाबलं. साधारण चार मिनिटं. त्या वेळात खोलीत कोणी काही बोललं नाही, अप्पासुद्धा दारात उभे होते.

कूलर काढतानाचं भान मला मावसभावामुळे आहे. गेल्या वर्षी त्याने कूलर सरळ वर ओढला. कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये लावतात त्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर आला. एएम४ या आमच्या जुन्या सॉकेटच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. कडेची एक ओळ वाकली होती. आम्ही दोघांनी टिक-टिक पेन्सिलची शिसं काढून, तिच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून सरळ करायचा प्रयत्न केला. दोन पिना हातात आल्या. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आज आधी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम केला. पेस्ट मऊ पडते. मग बंद करून, चारही स्क्रू सोडवून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवला. तिसऱ्या वळशाला तो सैल झाल्याचं बोटांना कळलं. प्रोसेसर जागेवरच. जुनी पेस्ट पुसली, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, नवा प्रोसेसर जोर न लावता आपोआप खाली बसला.

पहिल्या स्क्रीनवर ५६०० लिहून आलं तेव्हा आईला हाक मारली.

रात्री एक मॅच खेळलो. धूर फुटला, तिघं आले, एफपीएसच्या आलेखाची रेघ सरळ राहिली. कार्ड नव्वदीच्या पुढे. हेडफोनमधून मित्र ओरडला, “काय बे, आज सगळे तूच मारलास!”

मावसभावाचा बोर्डही बी४५० च, तेव्हापासून माळ्यावर पडून आहे. २६०० पुसून, नव्या प्रोसेसरच्या प्लास्टिकमध्ये पिना वर करून ठेवलाय. उद्या कारखान्यातून येताना त्याच्याकडे जाणार आहे. कूलर मीच बसवेन.