डावऱ्याची कात आणि माझे २२ दिवस

डावऱ्याने, म्हणजे माझ्या टाकीतल्या क्रेफिशने, कात टाकली त्याला आता महिना होईल. तरी माझी चिडचिड अजून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले. चिडचिड त्याच्यावर नाही, 'थांबा' या शब्दावर आहे. क्रेफिश पाळणाऱ्या ज्याला ज्याला विचारलं त्याने हा एकच शब्द सांगितला. किती थांबायचं, का थांबायचं, तोवर त्या कवचाच्या आत नेमकं काय चाललेलं असतं, हे कोणी सांगेना.

क्रेफिश म्हणजे लॉबस्टरचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. कित्येकदा लॉबस्टर म्हणूनच तो माणसाच्या गळ्यात मारला जातो. माझ्याही तसाच आला. रूप तेच, दोन मोठ्या नांग्या, चालायचे चार जोड पाय, लांब मिशा आणि मागे पंख्यासारखी शेपटी. (शेवंड यांच्यातलीच, पण तिला अशा जाड नांग्या नसतात.) टाकी, फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, हे सगळं एका सुट्टीच्या दिवसात उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पहिल्या क्रेफिशचं. तो कात टाकताना गेला. सकाळी पाहिलं तर धड अर्धं बाहेर, दोन्ही नांग्या जुन्या कवचात अडकलेल्या. मी त्याला 'स्वच्छ' म्हणून आरओचं पाणी देत होते. त्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, आणि यांचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थावर कॅल्शियम कार्बोनेट चढवून कडक होतं. समुद्रातल्या लॉबस्टरला ही ददात नाही, समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गोड्या पाण्यातल्याला कणकण गोळा करावा लागतो. तो फक्त पाण्यामुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण कात टाकताना अडकून मरणं ही या जातीची नेहमीचीच वाट आहे. पण मी पाणी बदललं. आता साधं, थोडं जड पाणी असतं आणि टाकीत कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा एक तुकडा.

दुसरा आणला तेव्हाच त्याची उजवी नांगी तुटलेली होती. म्हणून नाव डावऱ्या. नांगी तुटली तर घाबरू नका, संकटात ते स्वतःच सांध्यापासून अवयव सोडून देतात आणि जखम लगेच बंद होते. नवी नांगी पुढच्या कातीला मिळते. म्हणजे परत कात आलीच.

तर मुद्द्यावर येते.

पहिल्या दिवशी त्याने खाद्याची गोळी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी रंग मळकट दिसायला लागला, पाइपच्या बाहेर येणं बंद. विचारलं तर 'कात टाकणार, थांबा'. ठीक, थांबले. सातव्या दिवशीही तेच. नवव्या दिवशी मला राहवेना, मी पाइप उचलून आत डोकावले. तो मागे सरकला, शेपटी आपटली, आणि पुढचे दोन दिवस त्याची मिशीसुद्धा दिसली नाही. हे करू नका. करणार तुम्ही, मला माहीत आहे, पण करू नका. कात जवळ आली की नव्या कवचाचा पापुद्रा जुन्याखाली तयार होत असतो, आणि त्या वेळी झटापट झाली तर नुकसान त्याचंच.

बाराव्या दिवशी एकाने सांगितलं, अर्धं पाणी बदला, लगेच टाकेल. बदललं. काहीही झालं नाही. घरात सगळे माझ्यावर हसायला लागले. आई म्हणाली, "अगं, बाळंतीण असती तरी एवढं कोणी बघत बसलं नसतं." मी टाकीपुढे खुर्ची टाकलेली होती, हे खरं आहे.

त्या खुर्चीत बसूनच मी वाचायला लागले, आणि चिडचिड थोडी निवली ती त्यामुळे. 'थांबा' म्हणण्याऐवजी कोणी पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कात हा काही एका रात्रीचा खेळ नाही. कवच वाढत नाही, आतला प्राणी वाढतो, म्हणून दर थोड्या काळाने अख्खं कवच टाकावंच लागतं. कात रोखून धरणारं एक संप्रेरक डोळ्यांच्या देठांत तयार होतं. त्याचं प्रमाण उतरलं की डोक्याच्या भागातली दुसरी ग्रंथी मोकळी होते आणि कातीचं संप्रेरक सोडायला लागते. डोळ्याचा देठ म्हणजे यांचं मुख्य कार्यालयच आहे. अंडाशय पिकायला लगाम घालणारं संप्रेरकही तिथलंच. म्हणून कोळंबीच्या बीजोत्पादनात मादीने लवकर अंडी धरावीत यासाठी एका डोळ्याचा देठ चिमटून टाकतात. वाचून मला कसंसंच झालं.

संप्रेरक वाढलं की जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच घडायला लागतं, आणि जुन्यातलं काही कॅल्शियम परत शरीरात ओढलं जातं. क्रेफिश ते जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात साठवतो. युरोपात पूर्वी या गोट्यांना 'खेकड्याचे डोळे' म्हणत आणि औषध म्हणून विकत. कात टाकली की त्या जठरात पडतात, विरघळतात, आणि ते कॅल्शियम नव्या कवचाला लागतं. बाकीचं तो पाण्यातून आणि टाकलेली कात खाऊन भरून काढतो.

आणि न खाण्याचं कोडं इथेच सुटलं. यांचे अन्न दळणारे दात जठरात असतात, आणि जठराचं अस्तरही कवचाचाच भाग. कातीबरोबर तेही जातं, दातांसकट. ज्याचे दात पडायच्या बेतात आहेत तो गोळी कशाला खाईल? मी मात्र रोज नवी गोळी टाकत होते आणि रोज कुजलेली काढत होते. चार दिवस खाल्लं नाही तर टाकणं बंद करा, पाणी तरी खराब होणार नाही.

पंधराव्या दिवशी मला माझी स्वतःची खूण सापडली, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. तुटलेल्या उजव्या नांगीच्या जागी आधी फक्त एक काळा ठिपका होता. तिथे आता घडी घातलेलं, अर्धपारदर्शक बोंडासारखं काहीतरी दिसत होतं. नवी नांगी! कात जवळ येते तशी ही कळी फुगत जाते. मी मग काचेबाहेरून, हात न लावता, रोज त्या कळीचा फोटो काढायला लागले. सतराव्या दिवसाचा फोटो पंधराव्याशेजारी ठेवला आणि पहिल्यांदाच वाटलं की काहीतरी पुढे सरकतंय. तुमच्या क्रेफिशचे सगळे अवयव शाबूत असतील तर ही खूण मिळणार नाही. मग पाठीचं मोठं कवच आणि शेपटीचं पहिलं कडं यांच्यामधली फट बघा. डावऱ्याची ती फट एकोणिसाव्या दिवशी रुंदावली.

बाविसाव्या रात्री, अडीचच्या सुमारास, तो पाइपबाहेर कुशीवर पडलेला दिसला. पाय थरथरत होते. माझ्या पोटात गोळा आला. पहिल्याचं आठवलं आणि हात टाकीच्या कडेपर्यंत गेला, खोटं कशाला बोलू. चिमट्याने जरा ओढलं तर सुटेल, असं तेव्हा फार वाटतं. पण नांगीतलं सगळं मांस त्या अरुंद सांध्यातून बाहेर यायचं असतं. खेकडे आणि लॉबस्टर यांच्यात कातीआधी नांगीतले स्नायू आटतात ते त्याचसाठी. बाहेरून ओढाल तर मऊ नांगी तुटेल किंवा तो मरेल. मी हात मांडीखाली घेऊन बसले.

फटीतून आधी पाठ बाहेर आली, फिकट, ओलसर. मग डोळे. डोळ्यांचीसुद्धा कात असते, मिशांचीही टोकापर्यंत. मग पाय, मग नांग्या, आणि शेवटी शेपटीचा एक झटका. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील. बावीस दिवस आणि दहा मिनिटं! टाकीत दोन डावरे होते, एक पोकळ आणि एक जिवंत. नवशिके इथे फसतात. सकाळी उठून पोकळ कात बघतात आणि 'मेला' म्हणून टाकून देतात. काढू नका ती. डावऱ्याने चार दिवसांत जवळजवळ सगळी खाल्ली. तोही पाणी ओढून ओढून फुगला. अमेरिकन लॉबस्टर एका कातीत साधारण १५ टक्के लांब होतो आणि वजन जवळपास दीडपट होतं. पहिल्या पाच ते सात वर्षांत त्याच्या वीस ते पंचवीस काती होतात, पुढे अंतर वाढत जातं. माझ्या वाट्याला एकच आली, तिने एवढं दमवलं.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. तळाला वाळू असू द्या. मी साफ करायला सोपं म्हणून काच उघडी ठेवली होती. यांचा तोल सांभाळणारा अवयव आखूड मिशांच्या बुडाशी असतो आणि त्यात वाळूचे कण असतात. कातीबरोबर ते कण जातात, आणि प्राण्याला नवे भरावे लागतात. १८९३ साली क्रायडल या संशोधकाने कात टाकलेल्या झिंग्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. त्यांनी तोच भरला, आणि वर लोहचुंबक धरल्यावर ते उलटे झाले! डावऱ्या दुसऱ्या दिवशी एका बाजूला कलत चालत होता. अशक्तपणा होता की तोल, कोण जाणे. मी मूठभर बारीक वाळू कोपऱ्यात अलगद सोडली. दोन दिवसांनी नीट चालायला लागला.

पहिले तीन-चार दिवस तो इतका मऊ असतो की टाकीत मासा असेल तर तोही त्याला फाडेल. म्हणून एकटा ठेवा. आणि माशांसाठीचं तांब्याचं औषध त्या टाकीत कधीही टाकू नका. गंमत म्हणजे यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं रसायन तांब्याचंच असतं, तरी पाण्यातलं तांबं यांना मारतं.

एकटा ठेवा म्हटलं, पण एकटा आहे म्हणून पिल्लं होणार नाहीत असं नाही. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत मार्बल्ड क्रेफिश सापडला. त्यात सगळ्या माद्या, नराविना अंडी घालणाऱ्या. समुद्री लॉबस्टरची पिल्लं आधी काही आठवडे पाण्यात तरंगतात, त्यातली बहुतेक जातातच. क्रेफिशची मात्र अंड्यातून छोटे क्रेफिश म्हणूनच निघतात आणि आईच्या शेपटीखाली लटकून राहतात. म्हणजे बरीच जगतात. जास्त झाली तर ओढ्यात सोडू नका, हे हात जोडून सांगते.

डावऱ्याची नवी उजवी नांगी डावीच्या निम्मीही नाही. पुरती वाढायला अजून दोन-तीन काती लागतील. नाव बदलायचं का, यावर घरात वाद चालू आहे.

झाकणाचं राहिलंच. नवं कवच कडक झालं की तो पहिल्यापेक्षा ताकदीने हवेच्या नळीवरून चढतो. डावऱ्या कातीनंतर नवव्या दिवशी कपाटाखाली सापडला, अंगभर धूळ. असा सापडला तर मेला समजून केरात टाकू नका. कल्ले कवचाखाली ओले असतील तर तो काही तास तग धरतो. टाकीतल्याच पाण्यात, उथळ भांड्यात ठेवा, धूळ निघू द्या, आणि मग झाकणावर वजन ठेवा. माझ्या झाकणावर आता जाडजूड शब्दकोश आहे.