बाईंच्या डाव्या हाताला

'अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा' असं पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी इचलकरंजीहून आमच्या तबलजीचा फोन. "तू संगीताच्या बाईंवरच लिहिणार ना? मग मी लिहीत नाही. दोघांनी तेच लिहिलं तर संपादक वैतागतील." तानपुऱ्यावर बसणारी आमची वर्गमैत्रीण आता सांगलीत दवाखाना चालवते. ती म्हणाली, "लिही, पण बाईंची देवी करून ठेवू नकोस. किती चिडायच्या ते पण लिही."

तर ते आधी लिहून टाकतो. बाई चिडायच्या. मूल बेसूर गायलं तर समजावून सांगायच्या, पण बेसूर गाऊन वर फिदीफिदी हसलं की वहीच भिरकावायच्या. झालं, लिहिलं.

गणिताच्या आणि इंग्रजीच्या सरांनी मला माफ करावं. त्यांच्यामुळे मी बँकेत चिकटलो, संसार उभा राहिला, सगळं मान्य. पण बँक सुटली आणि पेटी, म्हणजे हार्मोनियम, राहिली. माणूस जन्मभर जे करतो ते शाळेत कुठे सुरू झालं असं विचारलं, तर माझं उत्तर एकच: जुन्या इमारतीत, जिन्याखालची खोली. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना पावसाळ्यातला तिचा वासही आठवत असेल. एक सतरंजी, एक तबलाजोडी, एक तानपुरा आणि शाळेची ती काळी पेटी.

बाई पेटी शिकवायला मुळात नाखूष होत्या, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. त्या गाणाऱ्या, किराणा घराण्याच्या तालमीतल्या. सांगलीला आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झालं, त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांची तिथे ऑडिशन झाली. तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, पार 1940 पासूनची. सत्तरच्या दशकात ती सैल झाली. म्हणजे बाई रेडिओवर गायल्या त्या सारंगी आणि तानपुऱ्यावर. पेटीची चव त्यांच्या गळ्याला लागलीच नव्हती. पण शाळेत प्रार्थनेला पेटी लागते, आणि पेटीला मुलगा लागतो. आठवीत मी रिकाम्या तासाला प्रार्थनेची चाल एका बोटाने काढताना त्यांना सापडलो. रागावल्या नाहीत. "दुसरी बोटं कशाला दिलीत देवाने?" एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावलं.

आता तपासणीच्या दिवसाचा किस्सा. आमच्या बॅचच्या लोकांना आठवत असेल, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते आम्हा चौघांखेरीज कुणाला कळलं नव्हतं.

आम्ही नववीत होतो. शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार म्हणून सभागृहात पताका, फळ्यावर रंगीत खडूंचं सुस्वागतम् आणि भूप रागात बांधलेलं स्वागतगीत. चाल बाईंचीच. पुढे बाई, मागे मुलींची रांग, बाईंच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला मी. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हाच आमचा षड्ज, सा. ध्रुवपद छान गेलं. पहिल्या कडव्यानंतर तुकडा वाजवताना माझं बोट घसरून पांढरी सहावर पडलं. पेटीची ती पट्टी खाली गेली आणि वर येईना. नखाने उचलली, तरी पुन्हा बसली. ज्यांना पेटी कळते त्यांना सांगायला नको. काळी चारचा षड्ज धरलेला असताना पांढरी सहा म्हणजे कोमल रिषभ. भूपात न लागणारा कोमल रिषभ, आणि तोही न थांबता! भाता मारावा तर तो कोकलतो, न मारावा तर पेटीच बंद.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. मुलींना हातानेच थांबवलं, डोळे मिटले आणि आकारात एक छोटा आलाप घेतला. त्या आलापात त्या अर्धा स्वर वर सरकल्या आणि त्या अडकलेल्या सुरावर येऊन अशा ठाम बसल्या, की तोच षड्ज झाला. जो सूर आमची अब्रू घालवत होता तो आता आधाराला उभा! मग डावा हात माझ्यापुढे आडवा धरून त्यांनी दोन बोटं दाखवली. सा आणि पंचम, बाकी काही नाही. मी पांढरी तीनवर बोट ठेवलं आणि पूर्ण गाणं संपेपर्यंत भाता मारत बसलो.

तानपुरा काळी चारला लावलेला. आमच्या मैत्रिणीने न सांगता तारांवर तळहात ठेवून तो बंद केला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता तशीच बसून राहिली. ती आजही म्हणते, "वाजवण्यापेक्षा न वाजवायला जास्त अक्कल लागली त्या दिवशी." तबलजीने तर कमाल केली. बाईंनी ताल सोडून पुढची ओळ मोकळी घेतली, तेवढ्यात त्याने हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, चार घरं ठोकून दायाँ, म्हणजे उजवा तबला, वरच्या सुरात चढवला. पुरता नाही, पण कानाला खुपणार नाही इतपत. मुलींची रांग बाईंच्या मागून नव्या पट्टीत शिरली आणि गाणं समेवर संपलं.

साहेबांनी भाषणात पेटीवाल्या मुलाचं खास कौतुक केलं. "सूर कसा अखंड धरून ठेवला होता!" बाईंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टांग्यात पेटी घालून बाई मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेल्या. मिरजेत वाढलेल्या माणसाला ती गल्ली नवी नसते, तरी आत पाय ठेवायचं कारण मला कधी पडलं नव्हतं. तिथले कारागीर मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या मागून अख्खी गल्ली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या मळ्यांतून आलेले भोपळे आढ्याला टांगलेले, खाली भुशात बसलेली माणसं. पेटीचं निदान दोन मिनिटांत झालं. पट्टीखालची स्प्रिंग गंजून मेली होती. ती बदलेपर्यंत बाई तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांशी बोलत बसल्या. ते एका नव्या तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडी घासत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. मग त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सारला आणि केसभर पुढेमागे केला. मघापर्यंत टणटण वाजणारी तार एकदम उघडली.

"ऐक," बाई म्हणाल्या. "खर्जाच्या तारेत काय ऐकू येतं?"

मी म्हटलं, सा.

"आणि?"

बराच वेळ मला काही कळलं नाही. त्या तार छेडत राहिल्या. मग सा विरता विरता वरती कुठेतरी गंधार ऐकू आला. कुणी वाजवलेला नाही, कुणी गायलेला नाही, तरी होता. "हा स्वयंभू," बाई म्हणाल्या. "आता तुझ्या पेटीवर वाजव." पेटी तोवर दुरुस्त झाली होती. मी वाजवला. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा वर, टोचणारा. एकदा ऐकल्यावर तो फरक कानातून जाईना. बाईंना पेटीचं वावडं का होतं ते मला तिथे भुशात बसून समजलं.

त्यानंतर त्यांनी मला साथ शिकवली. पेटी नव्हे, साथ. मी गंधारावर थांबलेली असेन तेव्हा तू गंधार दाबू नकोस, तो तानपुऱ्यात आहे. मी श्वास घेते तेव्हा वाजव, मी गाते तेव्हा ऐक. माझ्या पुढे पळू नकोस, मी कुठे जाणार ते तुला कळलं तरी पळू नकोस. हे ऐकायला सोपं वाटतं. मोठमोठ्या वाजवणाऱ्यांना मी गवयाच्या पुढे पळताना पाहिलंय. टाळ्या मिळतात, पण गवय्याचा रंग उतरतो.

कॉलेजला गेल्यावरही आम्ही तिघे बाईंच्या मागे बसत राहिलो. गणेशोत्सव, कोजागरी, सांगलीतल्या घरगुती बैठका. पण खरी परीक्षा मिरजेतल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो आणि त्याच उरुसात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेबांनी मिरज आपलंसं केलं होतं. 27 ऑक्टोबर 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोईलच्या स्टेशनात त्यांचा देह पडला, पण माती मिळाली ती इथे, दर्ग्याच्या आवारात. हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्यासारखी माणसं तिथे येऊन गायली. चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावायची. समोर जाणकारही आणि शेंगा खात बसलेले यात्रेकरूही.

बाईंना पाळी मिळाली ती पहाटेच्या सुमाराची. रात्रभर जागून आमचे डोळे तारवटलेले, गारठ्याने तानपुऱ्याचा सूर सारखा हलत होता. बाईंनी ललत राग घेतला. ललतात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात आणि पंचम नाहीच. तानपुऱ्याची पंचमाची तारही उतरवून मध्यमाला लावलेली. पेटीवाल्याला लपायला जागा उरत नाही. मी जवळजवळ काही वाजवलं नाही. त्या षड्जावर परतत तेव्हा हलकेच हात द्यायचा, दोन मध्यमांच्या मधे त्या रेंगाळल्या की हात काढायचा, बस्स. तबलजीने विलंबित एकताल एखाद्या तोल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा जपून चालवला, त्या वयात त्याला तो कसा जमला देव जाणे.

गाणं झाल्यावर गल्लीतले तेच कारागीर बाईंना भेटायला आले. "बाई, आज पेटी नव्हती का तुमच्याबरोबर?" मी तिथेच पेटी बंद करत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. चहाच्या गाड्यावर आम्हा तिघांना त्यांनी चहाबरोबर भजीही घेतली आणि मला म्हणाल्या, "यापेक्षा मोठं सर्टिफिकेट तुला कुणी देणार नाही."

त्यांचं म्हणणं आजवर तरी खरं ठरलंय. पुढे मी त्याच सांगली केंद्रावर पेटीची ऑडिशन पास झालो. ज्या दारातून बाई पेटीशिवाय आत गेल्या होत्या तिथून मी पेटी घेऊन आत गेलो, हे त्यांना सांगितलं तेव्हा "काळ बदलतो बाबा" म्हणून हसल्या. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना बेळगाव, धारवाड, बंगळुरू झालं, महाराष्ट्र मंडळाच्या बोलावण्यावरून अमेरिकेलाही जाऊन आलो. न्यू जर्सीतल्या कार्यक्रमात तानपुऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी होती. आयोजक अभिमानाने सांगत होते, "ऑटो ट्यूनिंग आहे." आहे खरं. पण तिच्यात गंधार शोधत मी अर्धा कार्यक्रम घालवला. आता तर इथेही तीच डबी, नाहीतर मोबाइलवरचं ॲप. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, मला मनापासून आनंद झाला. फक्त शाळाशाळांतून तो तानपुरा कोण वाजवणार, हे कुणी सांगत नाही.

आपल्या शाळेतही बाई निवृत्त झाल्यावर संगीताची जागा भरलीच गेली नाही. जिन्याखालच्या खोलीत आता संगणकाचे जुने मॉनिटर रचून ठेवलेत. संगणक शिकू नये असं मी म्हणत नाही, माझा नातू त्यावरच पोट भरणार आहे. पण प्रार्थना पेनड्राइव्हवर लागते, हे गेल्या खेपेला ऐकलं आणि मी मैदानातूनच मागे फिरलो.

बाई गेल्या त्या वर्षापासून त्यांच्या स्मृतिदिनाला आम्ही तिघे जमतो. तबलजीचे यंत्रमाग आहेत, त्याला रोज ठोक्यात जगायची सवय. डॉक्टरीणबाईंना वेळ नसतो, तरी येतात. गाणारं कुणी नसतं. आम्ही साथीला बसतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. सुरुवातीला घरच्यांना हा वेडेपणा वाटला. मग एका वर्षी शेजारची एक मुलगी, सहावीतली, येऊन त्या जागेवर बसली आणि गायला लागली. पट्टी पांढरी पाच. आम्ही लगेच वाद्यं त्या पट्टीत लावली. तिला मुखडा पुरता येत नव्हता. आता ती दर रविवारी येते, गाण्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झालीय.

तर संचालक मंडळाला विनंती. शाळेची ती काळी पेटी ग्रंथालयातल्या कपाटावर पडलीय, शिपाईमामांनी मला दाखवली. भाता फाटलाय, पण सूर चांगले आहेत. दुरुस्तीचा खर्च आम्ही तिघे करू. तानपुरा गल्लीतून नवा घेऊन देऊ, त्याचं ठरलंही आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर मी यायला तयार आहे, मानधन नको. मॉनिटर हलवायचे असतील तर तेवढे आधी कळवा, तबलजी टेम्पो पाठवतो म्हणालाय. माझा नंबर कार्यालयात आहे.

(माजी विद्यार्थी, दहावी 1984)